चौदा सप्तकांची पट्टी

आमच्या घरात हाक नव्हती.

आवाज होते. स्वयंपाकघरात बाबांची भांड्यांशी चाललेली भांडणे होती, मागल्या अंगणात माडाच्या झावळ्यांची अखंड सळसळ होती, आणि वारा पश्चिमेचा असला की वेंगुर्ल्याच्या बंदरावरून येणारा, ओलसर आणि तुटक, होड्यांच्या भोंग्यांचा आवाज होता. पण एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीतल्या माणसाच्या पाठीवर जाऊन टेकते ती हाक आमच्याकडे जमिनीखालून जाई. आई माडीवर काम करीत असे. माडीची जमीन फळ्यांची. दाराशी उभे राहून टाचेने दोनदा आपटले की तिच्या तळव्यांना कळे आणि ती वळे. इतर घरांत पोर हाक मारते आणि आई हातातले काम न सोडता ‘ओ’ देते. आमच्याकडे हाक नव्हती, म्हणून ‘ओ’ही नव्हता. शेजारच्या घरातून तो अधूनमधून ऐकू येई. लोकांच्या घरातला लावलेला दिवा आपल्या भिंतीवर पडावा, तसा.

मी तीन वर्षांची असताना आईला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, तो जाताना ऐकणे घेऊन गेला. कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक पोकळी असते. आवाजाची सारी वस्ती तिथे. आईच्या दोन्ही शंखांत हाड भरले. बहिऱ्यांच्या कानात बसवतात त्या साध्या यंत्रांची तार आत सरकायला वाटच उरली नाही. बोलणे मात्र तिचे राहिले, थोडे सपाट, इस्त्री फिरवलेल्या कापडासारखे. आणि आमचे बोलणे तिला चष्म्यावर दिसे. समोरच्याने उच्चारलेला शब्द भिंगाच्या तळाशी अक्षरांत उमटे. चष्मा चांगला होता, पण एक शब्द त्याला कधीच जमला नाही. कोणी ‘देवमासा’ म्हटले की तो लिही, ‘देव माझा’.

“भक्तिभाव वाढलो घरात,” बाबा म्हणत. “मिसेस परुळेकर दिवसभर देव माझा, देव माझा करत बसतंत.”

बाबा, दिगंबर परुळेकर, बंदरावर बॅटरीवरच्या होड्यांच्या मोटारी दुरुस्त करतात. आई, हेमांगी, ध्वनिशास्त्रज्ञ. तिचे माहेर महाबळेश्वरच्या खालच्या अंगाचे, ढेब्यांचे. घरी मधपेट्यांचा धंदा. लहानपणी तिच्याकडे एकच काम होते. पेट्या उघडायच्या, पोळ्याच्या चौकटी उन्हात धरायच्या आणि मेण पोखरणाऱ्या अळ्या चिमटीत पकडून चिरडायच्या. मधपाळ त्यांना मेणकिडा म्हणतात. आपल्या हातून मेलेल्या त्या किड्याच्या प्रेमात ती पुढे पडली, आणि वेंगुर्ल्याला आल्यावर दुसऱ्या एकाच्या. तो मात्र चिमटीत मावणारा नव्हता.

निळा देवमासा आणि मेणकिड्याचा पतंग यांची तुलना करणारा तिचा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा एका परिषदेत कोणीतरी विचारले होते, की पुढल्या वर्षी मुंगी आणि आगगाडी का? तिने उत्तर दिले ते मला अजून पाठ आहे. ती म्हणाली, “ऐकण्याच्या काठीला दोन टोकं आहेत. मी फक्त दोन्ही टोकं हातात धरलीत.”

ती टोके अशी. आवाजाची कंपने दुप्पट झाली की आपण एक सप्तक वर चढतो. माणसाचा कान सेकंदाला वीस कंपनांपासून वीस हजारांपर्यंत ऐकतो. ही झाली दहा सप्तके. मंद्र, मध्य, तार ही आपली सारी गाणी त्यांच्या मधल्या थोड्याशा जागेत राहतात. देवमासा या हद्दीच्या खालच्या उंबऱ्यावर, कित्येकदा त्याच्याही खाली बोलतो. त्याचा आवाज पाण्यातून शेकडो किलोमीटर जातो. आणि मेणकिड्याचा पतंग, पंख मिटला तर जळक्या कागदाच्या कपट्यासारखा दिसणारा, पोटावरच्या दोन इवल्या पडद्यांनी तीन लाख कंपनांपर्यंत ऐकतो. इतके वरचे ऐकणारा दुसरा जीव अजून तरी ठाऊक नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा सप्तके भरतात. एकाच्या जिभेचे वजन हत्तीएवढे, दुसऱ्याला प्रौढपणी खायला तोंडच धड नसते. अळी असताना खाल्लेल्या मेणावर तो उरलेले दिवस काढतो. आणि माणसाने काय केले? पतंगाचे अन्न वितळवून मेणबत्त्या केल्या, देवमाशाचे अंग वितळवून दिव्यांत घातले. कित्येक शतके आपण वाचले, लिहिले, एकमेकांचे चेहरे पाहिले ते या दोघांच्या उजेडात. त्यांचे ऐकावे असे मात्र कोणाला वाटले नाही.

आईला ते वाटत होते. ती त्यांचे आवाज वर्षानुवर्षे पडद्यावर रंगांच्या पट्ट्यांत पाहत होती. पावसात कोरड्या राहिलेल्या माणसाने पावसाची आकडेवारी वाचावी, तसे.

मग पट्टी आली.

पणजीच्या इस्पितळातल्या डॉक्टर मिनेझिस यांनी टेबलावर ती आमच्यापुढे ठेवली: तांदळाच्या दाण्याहून थोडी लांब, पारदर्शक, वर चोवीस सोनेरी बिंदू. कानाला पूर्ण वगळून ती मेंदूच्या देठावर, ऐकण्याच्या नसा जिथे शिरतात तिथे बसवायची. कानामागच्या यंत्राने आवाज टिपायचा, त्याचे चोवीस वाटे करायचे आणि एकेका बिंदूवर पाठवायचे. अशा पट्ट्या पूर्वीही होत्या. त्यांनी माणसाला गोंगाट दिला, बोलणे क्वचित. या नव्या पट्टीवर एक लेप होता. पहिल्या काही महिन्यांत त्या लेपामुळे नसांचे तंतू वाढत, आणि ज्या बिंदूवर जो आवाज येईल त्याच्याशी कायमचे जोडले जात. डॉक्टर त्याला रुजवण म्हणत.

“एकदा रुजलं की उपटता येत नाही हां,” त्या म्हणाल्या. “म्हणून कुठल्या बिंदूला कुठला आवाज, हा नकाशा आधीच ठरवायचा. चोवीस खुर्च्या आहेत असं समजा. सगळ्या माणसाच्या बोलण्याला दिल्या, म्हणजे नकाशा अरुंद ठेवला, तर हेमांगीताईंना शब्द कळतील. सराव झाल्यावर फोनवरसुद्धा.”

“आणि रुंद नकाशा?” आईने विचारले.

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. “रुंद नकाशाचा प्रयोग आम्हांला करून बघायचाय, पण मी कुणाच्या मागे लागत नाही. आपल्या कानाला काय येतं याची पट्टीला पर्वा नाही. देवमाशाची कंपनं द्या, पतंगाची द्या, ती नसेपर्यंत पोचवेल. पण चौदा सप्तकं चोवीस खुर्च्यांवर बसवायची तर दाटी होणार. टोकांना जागा जास्त लागते. माणसाच्या बोलण्याच्या वाट्याला उरतील चार.”

“चारांत काय येतं?” मी विचारले.

“तू मराठीची विद्यार्थिनी ना? मग तुला सांगणं सोपं. व्यंजनं क्षणभराची असतात, बारीक, टोकदार. ती जातील. स्वर लांब असतात, रुंद असतात. ते राहतील.”

स्वर राहतील. आपल्या भाषेने एकाच शब्दात अक्षरही ठेवले आहे आणि गाणेही. एरवी मला याचे केवढे कौतुक वाटले असते! त्या दिवशी मला एवढेच ऐकू आले, की माझे बोलणे आईपर्यंत फळे झडलेल्या घडासारखे पोचेल, नुसता देठ.

इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये चहा आणि भाजी-पाव आला. आईचा चेहरा उजळला होता. तिने सांगण्याआधीच मला तिचा निर्णय कळला.

“तू रुंद घेणार,” मी म्हटले.

“शब्द मला इथे मिळतात,” ती चष्म्याच्या काडीवर बोट ठेवून म्हणाली. “तुझे, बाबांचे, दूधवाल्याचे. ते दोघं इथे मिळत नाहीत.”

“मी दूधवाल्याच्या आधी आसंय की मागसून, तेवढा सांग,” बाबा म्हणाले.

मी हसले नाही. “शब्द मिळतात. माझा आवाज मिळतो का? तो कसा आहे, घोगरा आहे की बारीक, ठाऊक आहे तुला? मी तीन वर्षांची होते तेव्हाचा आठवत असेल. तो आता कुणाचाच नाहीये. एकोणीस वर्षांनी कान मिळणार, आणि त्यात तू किडा बसवणार. किडा! आणि माझ्या वाट्याला चार खुर्च्या.”

भिंगाच्या तळाशी अक्षरे उमटत गेली. मला ती उलटी दिसत होती. तिने शेवटपर्यंत वाचले. मग चष्मा काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. आमच्या घरात दार लावून घेणे म्हणजे हे. चष्मा काढलेल्या आईशी भांडता येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली आणि पोह्यांवर खोबरे भुरभुरता भुरभुरता म्हणाली, “मिनेझिसना कळवलंय. अरुंद नकाशा. तुझं बरोबर आहे.” आवाजात राग नव्हता. तिच्या आवाजात राग बसतही नसे. तो तिथे टिकायला चढउतारच नव्हते.

ती वर गेल्यावर बाबा म्हणाले, “जिकलंस गो बाय. मगे तोंड कित्याक पाडलंस?”

मला हवे ते मिळाले होते, आणि कोणाच्या तरी ताटातले काढून वाढल्यासारखे ते समोर पडले होते.

दुपारी मी माडीवर गेले, दाराशी दोनदा टाच आपटली. आई वळली. खोलीत खोकी पसरली होती. पतंगांच्या काचपेट्या ती सावंतवाडीच्या कॉलेजला देऊन टाकणार होती.

“ये,” ती म्हणाली. “जायच्या आधी एकदा बघून घे. इतकी वर्षं याच घरात आहेत आणि तू कधी नीट पाहिलं नाहीस.”

काचेच्या पेटीत मेणाची एक जुनी चौकट होती, रेशमी जाळ्यांनी भरलेली, भुग्यासारखी झालेली. दोन-तीन करडे पतंग काचेवर बसले होते, एक उडत होता. आईने माझ्या हाताखाली एक बटण सरकवले. “तो वर आला की दाब.”

मी दाबले. काहीच झाले नाही. काहीही ऐकू आले नाही. आणि हवेतला पतंग पंख मिटून खड्यासारखा तळाला पडला.

“मेला?”

“छे. तू आत्ता शिकारीला निघालेलं वटवाघूळ होतीस. तुझं ऐकून त्यानं अंग टाकलं.” तिने यंत्रावरचा काटा फिरवला. “आता हे बघ. तीन लाख. इतक्या वर कुठलंच वटवाघूळ बोलत नाही. माझ्या माहितीत कोणीच नाही बोलत.”

पतंग सावरून पुन्हा उडाला होता. मी बटण दाबले. पुन्हा तीच संपूर्ण शांतता, आणि पुन्हा तो पडला.

“चार पेशी आहेत गं याच्या कानात,” आई म्हणाली. “चार. आपल्याकडे हजारो. आणि ज्या आवाजात याला आजवर कुणी हाक मारलेली नाही, तोसुद्धा याला ऐकू येतो.”

“कशासाठी?”

“माहीत नाही. मला आवडतं ते हेच. शत्रूच्या पुढे राहायचं म्हणून असेल, किंवा पडदा इतका हलका की आपोआपच तिथपर्यंत पोचला असेल. पण कान तयार आहे. आवाज यायचाय.”

मग तिने मला कोपऱ्यातल्या मोठ्या काळ्या स्पीकरपाशी नेले. त्याची जाळी काढलेली होती. माझा तळहात तिने आतल्या कागदी शंकूवर ठेवला, तसाच अलगद, लहानपणी माझा हात गरम भाकरीवर धरून ऊब दाखवायची तसा. वेंगुर्ल्याच्या दीपगृहापलीकडे खडकांजवळ पाण्यात तिचा माईक सोडलेला होता; त्यावर मागल्या हिवाळ्यात टिपलेला आवाज तिने सुरू केला. कानांना काही नाही. हाताला मात्र काहीतरी लागले. शंकू तळव्याला हळूहळू ढकलत होता, सोडत होता, पुन्हा ढकलत होता, एखादे प्रचंड, निजलेले अंग श्वास घेत असावे तसा.

“याची एक लाट पाण्यात पाऊणशे मीटर लांब असते,” आई म्हणाली. “प्राणी पंचवीस मीटरचा. स्वतःपेक्षा तिप्पट लांबीचा आवाज तो अंगातून काढतो, आणि ती लाट सगळी बाहेर पडायच्या आत तो स्वतःच तिच्या पोटात असतो. आणि पतंग ऐकतो ती लाट मिलिमीटरभर. मोहरीएवढी. दोन्ही याच जगात, एकाच वेळी, आत्ता. आपण मधे उभे, आणि म्हणतो की काय शांत दुपार आहे.”

तिने हे सगळे माझ्याकडे न पाहता सांगितले. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. गाभाऱ्यात जाऊन आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, उजेडात आल्यानंतरही काही क्षण आतला काळोख रेंगाळत असतो, तसे काही. मी माझ्या हाताकडे पाहिले, मग पेटीतल्या त्या पतंगाकडे. त्या खोलीत आम्ही दोघीही बहिऱ्या होतो. फरक एवढाच, की तिला ते ठाऊक होते आणि ती त्याच्याशी भांडत होती.

“रुंद घे,” मी म्हटले.

तिने चष्मा नाकावर दाबला. “चष्म्यानं ‘रुंद घे’ लिहिलंय. बिघडला वाटतं.”

“बिघडलेला नाही.”

ती म्हणाली, “तुझी व्यंजनं जातील.”

“माझे शब्द तुला काच देते. ह्यांचं बोलणं ह्या पट्टीशिवाय कोणी देणार नाही.”

“आणि तुझा आवाज?”

“स्वर राहतील म्हणाल्या ना त्या.” मी हसण्याचा प्रयत्न केला. “तसंही माझ्या बोलण्यात व्यंजनंच जास्त बोचरी असतात.”

तिने खोक्यात ठेवलेली एक काचपेटी काढून पुन्हा खिडकीत मांडली.

शस्त्रक्रिया झाली. जखम भरली. पट्टी सुरू करायच्या दिवशी डॉक्टर मिनेझिसनी आईचा चष्मा काढून घेतला आणि आमच्या तोंडापुढे कागद धरायला लावले, म्हणजे ओठ वाचून फसवाफसवी नको. त्या दिवसासाठी मी एक वाक्य योजून ठेवले होते, घोटून घोटून गुळगुळीत केलेले. मराठीचे शिक्षण असे कामी येते. मी कागदाआडून म्हटले, “खडकांवरचे समुद्रपक्षी दक्षिणेकडून परतले आहेत.”

आईने डोळे मिटले, मान तिरकी केली. “कुणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय,” ती म्हणाली.

तिने डोळे उघडले आणि माझा चेहरा पाहिला. तिला कळले. “छान आहे,” ती घाईने म्हणाली, “म्हणजे, छान पाखडतंय.”

बाबा कागदाआडून ओरडले, “गो, माका वळखतंस?”

“हे जुनं डिझेलचं इंजिन. म्हणजे दिगंबर.”

डॉक्टर हसल्या, बाबा हसले, मीही हसले. गाडीत परत येताना मी मागे बसले होते आणि खिडकीबाहेर पाहत होते. आपण दिलेली वस्तू दुसऱ्याने खरोखर वापरायला घेतली, की देण्याचे वजन कळते.

रुजवणीचे महिने सुरू झाले. आईला पहिल्यांदा पतंग ऐकू आले. नर मादीला बोलावताना पंखांच्या मुळाशी बारीक ठोके देतो. ती पेटीला कान न लावता, नुसती शेजारी बसून ते ऐके. कसे वाटते म्हणून मी विचारले, तेव्हा ती खूप वेळ शोधत राहिली. “फोडणीत मोहरी तडतडायच्या जरा आधी तेलाला जे होतं ना,” ती म्हणाली, “ते जर ऐकू आलं असतं तर.” तिच्या बोलण्यात चढउतार येऊ लागले होते. सपाट कापडाला कुठेकुठे चुण्या पडल्या होत्या. तिला स्वतःचा आवाज, निदान त्याची बाह्यरेषा, मिळत होती. ती पावसाबद्दल बोले, मिक्सरबद्दल तक्रार करी, मांजर कोणत्या बाजूने येते ते सांगे. माणसांचे शब्द मात्र चष्म्यावरच राहिले. आम्ही समोर असलो की ती वाची. पाठ फिरली की आम्ही पाखडलेले तांदूळ. मी दाराशी टाच आपटत राहिले.

हिवाळा लागला. देवमासे किनाऱ्याजवळ येण्याचे दिवस. पाण्यातल्या माईकची जोडणी तिने कानामागच्या यंत्राला दिली होती, म्हणजे खोलीतले आवाज आणि समुद्रातले, दोन्ही एकत्र तिच्या पट्टीवर उतरत. कित्येक दुपारी ती तशीच बसून उठली. होड्या, कोळंबीची कडकड, पाण्याचा स्वतःचा हुंकार. देवमासा नाही.

त्या दुपारी बाबांनी बांगडे तळले होते आणि मला वर पाठवले, “जा, बोलाव तिका. थंड झाले तर माझ्या नावान शंख करीत.”

मी जिना चढून दाराशी आले. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती, पाठ माझ्याकडे. चष्मा टेबलावर. पडद्यावर, अगदी तळाशी, एक जाड केशरी पट्टा हळूहळू उमटत होता, थांबत होता, पुन्हा उमटत होता. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. ती हलत नव्हती. समुद्रात कुठेतरी, नजरेच्या पलीकडे, कोणीतरी स्वतःपेक्षा लांब असे काहीतरी उच्चारत होते, आणि माझ्या आईला ते ऐकू येत होते.

मी टाच उचलली आणि तशीच थांबले.

फळ्यांवर आपटलेली टाच म्हणजे काय, ते आता मला ठाऊक होते. खोल, जाड, सेकंदाला वीस-पंचवीस कंपनांचा धक्का. तो नेमका त्या केशरी पट्ट्यावर जाऊन पडला असता. एकोणीस वर्षे मी तिला बोलावत आले ते देवमाशाच्या सप्तकात, आणि आज तो स्वतः बोलत होता. त्याच्यावर पाय देणे मला शक्य नव्हते. आत जाऊन खांद्याला हात लावावा, तर त्याच फळ्या मधे होत्या, आणि त्या पावलागणिक करकरत.

पाय मी अलगद खाली टेकवला. पट्टा मावळेपर्यंत थांबले. आणि मग, ज्या शब्दाने तिच्याविषयी मी साऱ्या जगाशी बोलत आले आणि ज्याने तिला मात्र एकोणीस वर्षांत कधी बोलावले नव्हते, तो शब्द म्हटला.

“आई.”

ती वळली.

ती आधी चष्म्याकडे पाहील, असे वाटले होते. तिने चष्म्याकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती, तोंड किंचित उघडे, रस्त्यात अचानक कोणी ओळखीचे भेटावे आणि नाव ओठांवर येऊन थांबावे तशी.

“हे तांदूळ नव्हते,” ती म्हणाली. “परत म्हण. थांब.” तिने डोळे गच्च मिटले. “आता.”

“आई.”

“यातलं काहीच सांडलं नाही गं,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “पूर्ण आलंय. तू म्हटलंस तसं आलंय.”

तेव्हा कुठे मला कळले. पाच वर्षे मी वर्णमाला शिकले, वाक्ये घोटली, समुद्रपक्षी उडवले. आणि हे साधे कधी दिसले नव्हते. आ आणि ई. त्या शब्दात एकही व्यंजन नाही. गळून जाण्यासारखे त्यात काही नाहीच. तो नुसता स्वर आहे, दोन्ही अर्थांनी. तिचा कान तयार होता. आवाजच कोणी दिला नव्हता.

मी जवळ जायला निघाले, तर तिने हात वर करून थांबवले. गालांवरून ओघळणारे पुसायचेही तिला सुचले नव्हते, पण डोळ्यांत ती जुनी, प्रयोग मांडतानाची चमक होती.

“असं समोरून नको,” ती म्हणाली. “मी बघतेय तुला, ते धरायचं नाही. खाली जा. स्वयंपाकघरात. लोकांच्या घरात मारतात तशी नीट मार.”

आणि ती पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली, पाठ माझ्याकडे, समुद्राकडे लक्ष लावून.

मी जिना उतरले. बाबा कालथा हातात घेऊन उभे होते. “येता की नाय?” त्यांनी विचारले. मी त्यांना हातानेच गप्प केले, चुलीपाशी उभी राहिले, आणि छतावरच्या त्या फळ्यांकडे पाहून, पोटातून, होता नव्हता तेवढा आवाज काढून हाक मारली.

तव्यात तेल चुरचुरत होते. झावळ्या सळसळल्या आणि थांबल्या. बाबांचा कालथा हवेत तसाच राहिला.

मग वरून, हातातले काम न सोडता कोणी द्यावा तसा, आला.

“ओ!”